कोयनेच्या खोऱ्यातला फॉल्ट कधी हलला: प्रकल्पाच्या नोंदी

१९ ऑक्टोबर २०२४, कराड

नोंदी आजपासून टाईप करून ठेवते. आधी प्रश्न सरळ लिहिते, कारण डिपार्टमेंटला जो भेटतो तो हेच विचारतो की बसाल्टचं वय काढून भूकंपाचं काय कळणार.

कोयनेच्या खोऱ्यात वर दिसतो तो सगळा दख्खनचा काळा कातळ, म्हणजेच बसाल्ट. लाव्ह्याचे थरावर थर, वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं. भूकंप मात्र बहुतेक त्याच्या खालच्या ग्रॅनाइट-नाइसात होतात, दहा किलोमीटरच्या आत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेला ६.३ चा मोठा धक्कासुद्धा ह्याच भागातला, आणि तेव्हा डोणीचावाड्याच्या बाजूला जमिनीला भेगांचा पट्टा पडला, उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैऋत्य. यंत्रांच्या नोंदींवरून कळलं की दोन्ही बाजू वर-खाली न होता एकमेकींना घासत आडव्या सरकल्या. एका बाजूला उभं राहून समोर बघितलं तर पलीकडची जमीन डावीकडे गेलेली.

१९६२ पासून धरणात पाणी साठायला लागलं आणि धक्के सुरू झाले, ते आजपर्यंत थांबलेले नाहीत. १९८५ नंतर वारणेचं पाणी अडलं आणि दक्षिणेकडेही वाढले. पाण्याने नवीन फॉल्ट (खडक तुटून सरकतो ती जागा) तयार केला असं ह्या विषयात काम करणारं कोणी म्हणत नाही, आधीच तुटलेली आणि ताणाखाली असलेली जागा पाण्याच्या दाबाने सरकली असं म्हणतात. मग ती जागा तुटली कधी? लाव्हा यायच्या आधी, लाव्हा येत असताना, का लाव्हा थंड होऊन लाखो वर्षं गेल्यावर? आमचा प्रकल्प एवढाच आहे.

आमच्या गाईड मॅडमनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय: खडकाचं वय म्हणजे फॉल्टचं वय नव्हे. फॉल्टने जो खडक कापला त्याच्यापेक्षा फॉल्ट तरुण, आणि जो खडक फॉल्टवरून अखंड गेलाय त्याच्यापेक्षा फॉल्ट म्हातारा. मधल्या काळात कुठेतरी हालचाल झाली. ही मधली फट जितकी अरुंद करता येईल तितकी करायची.

४ नोव्हेंबर

काल भाऊबीज झाली, आज सांगलीलाच घरी बसून वाचन.

पोटॅशियम-४० चा अर्धा भाग संपायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात आणि त्यातल्या साधारण ११ टक्क्याचं आर्गॉन-४० होतं, बाकीचं कॅल्शियम. लाव्हा वितळलेला असतो तेव्हा आर्गॉन वायू निघून जातो, थंड झाला की आत अडकायला लागतो, म्हणजे तिथून वेळ मोजायची. आर्गॉन-आर्गॉन पद्धतीत नमुना आधी अणुभट्टीत ठेवतात, न्यूट्रॉनने पोटॅशियम-३९ चं आर्गॉन-३९ होतं, मग पोटॅशियम वेगळं मोजावं लागत नाही, दोन्ही आर्गॉनचं गुणोत्तर एकाच यंत्रात एकाच वेळी मिळतं. नमुना टप्प्याटप्प्याने तापवायचा आणि प्रत्येक टप्प्याचं वय काढायचं. लागोपाठच्या टप्प्यांत वय सारखं आलं तर त्यावर विश्वास ठेवायचा, वर-खाली नाचलं तर खडक कुजलेला आहे किंवा आर्गॉन बाहेरून आलेला आहे असं समजायचं.

अडचण अशी की आपल्याकडच्या बसाल्टात पोटॅशियम अगदी कमी, आंबेनळी फॉर्मेशन नावाच्या थरांच्या गटात तर फारच. त्यामुळे चूक-मर्यादा मोठी येते, लाखांत. आणि इथेच खरी गोम आहे. २०१५ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने घाटातल्या झिरकॉन ह्या खनिजाच्या कणांवरून दाखवलं की लाव्ह्याचा मुख्य भाग जेमतेम साडेसात लाख वर्षांत आला. २०१९ ला 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन पेपर आले, प्रिन्स्टनचा झिरकॉनवर आणि बर्कलीचा प्लॅजिओक्लेज ह्या बसाल्टातल्या खनिजाच्या आर्गॉनवर, एक म्हणतो लाव्हा जोरदार झटक्यांत आला, दुसरा म्हणतो बऱ्यापैकी सलग येत राहिला आणि जास्त लाव्हा डायनोसोर संपल्यानंतरचा. दोघांचे आकडे इतके बारीक असून चित्र वेगळं निघालं. मग आम्ही खालच्या थराचं आणि वरच्या थराचं वय काढलं तर दोन्ही एकमेकांच्या चूक-मर्यादेत पडणार हे आजच दिसतंय. थरांची वयं फक्त टोक धरून ठेवायला उपयोगी. फट अरुंद करायला दुसरं काहीतरी लागणार, फॉल्टच्या पृष्ठभागावरच उगवलेलं.

१४ नोव्हेंबर, पाटण

निवडणुकीमुळे गाडी मिळेना, सगळ्या जीपा प्रचाराला. शेवटी मामांनी आपल्याच गाडीतनं आणलं. ऊस वाहतूक सुरू झालीय, कराडपासून ट्रॅक्टरच्या मागे मागे.

आज नुसतं थर मोजणं. पाटणच्या वरच्या अंगाला एका ओढ्यात पावसाळ्यानं सगळं धुऊन स्वच्छ कातळ उघडा पडलाय. खालून वर चढत प्रत्येक थराचा तळ आणि माथा अल्टिमीटरवर घेतला. माथा ओळखायला सोपा, भोकं-भोकं आणि त्यात झिओलाइट ही पांढरी खनिजं, वर तांबडी माती भाजलेली, ज्याला आम्ही रेड बोल म्हणतो. दोन लाव्ह्यांच्या मधे जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात खालचा थर झिजून ही माती झाली आणि वरचा लाव्हा येऊन तिला भाजून गेला. पोटातला भाग घट्ट, काळा, त्यात उभे सांधे.

नमुना घ्यायचा तो पोटातून. वरची तपकिरी साल हातोड्याने काढून टाकायची, आतलं ताजं लागलं की आवाज बदलतो, घणाला खणखणीत उत्तर येतं. भोकं असलेला तुकडा घ्यायचा नाही, कारण भोकांतलं झिओलाइट नंतर आलंय आणि ते आर्गॉनचा हिशोब बिघडवतं. प्रत्येक नमुन्यावर दिशेचा बाण काढला. महाबळेश्वर फॉर्मेशन ह्या थरांच्या गटाच्या आत कुठेतरी पृथ्वीचं चुंबकत्व उलट्याचं सुलट झालेलं आहे, साधारण ६ कोटी ५७ लाख वर्षांपूर्वी, तर आपले थर त्या रेषेच्या खाली का वर हे कळलं तरी वयाचं एक टोक फुकटात मिळतं.

१५ नोव्हेंबर

सापडलं.

काल जिथे थांबलो त्याच्या थोडं वर ओढा अचानक वळतो आणि वळणावर दीड मीटर रुंदीचा चुरा झालेला पट्टा आहे. कातळ कुठेच मुठीपेक्षा मोठा राहिलेला नाही, मधे हिरवट चिकणमाती. पट्ट्याची दिशा कंपासवर उत्तर-ईशान्य. पट्ट्याच्या दोन्ही बाजूला रेड बोल दिसतो, आणि पूर्वेला तो २५ सेंटिमीटर जाड, पश्चिमेला ६० सेंटिमीटर. त्याचा तळ पश्चिमेला ३५ सेंटिमीटर खाली. माथा मात्र दोन्हीकडे एकाच पातळीत आणि वरचा लाव्हा त्याच्यावर सपाट बसलाय.

मी आणि माझा ज्युनियर दोघंही उभे राहिलो बघत. ह्याचा सरळ अर्थ निघतो तो असा की खालचा थर थंड झाल्यावर फॉल्ट हलला, पश्चिमेची बाजू खाली बसली, खळग्यात जास्त माती साठली आणि मग वरचा लाव्हा येऊन सगळं झाकून गेला. म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात हालचाल. असं असेल तर हालचालीचं वय बसाल्टच्या वयाइतकंच, साडेसहा कोटींच्या आसपास, अगदी अरुंद फटीत. मॅडमना फोटो पाठवले, त्यांचा फोन आला, म्हणाल्या, "खालच्या थराच्या पोटात एखादी आडवी खूण शोधा. ती ३५ सेंटिमीटर सरकलेली आहे का बघा. तोपर्यंत काही लिहू नका."

त्यांचा मुद्दा आता रात्री नीट कळतोय. लाव्ह्याचा माथा मुळातच सपाट नसतो, पाहोयहोय, म्हणजे पातळ, सहज वाहणारा लाव्हा फुगे आणि खळगे करतच थंड होतो. मूळच्या खळग्यात माती जास्त साठली तरी दिसायला हेच दिसेल, फॉल्ट न हलतासुद्धा.

२३ नोव्हेंबर

मतदान, निकाल सगळं उरकलं, आज परत ओढ्यावर.

पाणी उतरलंय, त्यामुळे खालच्या थराचा तळ उघडा पडला. तळाशी पाइप व्हेसिकल आहेत, लाव्हा थिजत असताना तळाशी वायू वर चढताना होतात त्या बोटभर उभ्या नळ्या. त्यांची एक छान आडवी रांग पूर्वेकडून येते, चुऱ्याच्या पट्ट्यात तुटते आणि पश्चिमेला पुन्हा सुरू होते. दोन्ही बाजूला दोरी ताणली, लेव्हल लावली, ज्युनियरने पलीकडून पट्टी धरली. रांग दोन्हीकडे सरळ एका रेषेत. बोटभरसुद्धा फरक नाही.

म्हणजे बोलच्या जाडीतला फरक मूळचाच. पश्चिमेला खळगा होता, त्यात माती भरली. ह्या फॉल्टवर उभी हालचाल झालेलीच नाही, निदान मोजता येईल एवढी.

मला ह्याचं वाईट नाही वाटलं, उलट बरं वाटलं, कारण हे कोयनेच्या बाकीच्या माहितीशी जुळतं. रासाटीच्या बोअरमध्ये बसाल्ट सुमारे ९३० मीटर जाड निघाला आणि गोठण्याच्या तीन किलोमीटर खोल बोअरमध्ये १२४७ मीटर. आकडे ऐकून वाटतं की केवढा फरक, पण बोअरच्या तोंडाची उंची वजा केली की ग्रॅनाइटचा माथा दोन्हीकडे समुद्रसपाटीच्या खाली जवळपास सारख्याच खोलीवर येतो. साडेसहा कोटी वर्षांत इथे फारसं काही खाली बसलेलं नाही. हालचाल आहे ती आडवी.

आणि आडवी हालचाल आडव्या थरांत दिसणार कशी? भाकऱ्यांची चवड मधोमध उभी कापून एक अर्धा पुढे सरकवला तर समोरून बघणाऱ्याला थर जिथल्या तिथेच दिसतात. दख्खनमध्ये आडवे सरकलेले फॉल्ट वर्षानुवर्षं नजरेतून सुटतात ते ह्याच्यामुळे. उभी खूण पाहिजे, डाईक (भेगेत शिरून थिजलेली लाव्ह्याची उभी भिंत) असता तर लगेच कळलं असतं किती सरकलं, आणि डाईकचं वय काढून हालचाल त्याच्यानंतरची एवढं तरी. ह्या ओढ्यात डाईक नाही. आसपासच्या ओढ्यांतही दिसलेला नाही.

११ डिसेंबर

आज मुद्दाम डोणीचावाड्याकडे. ५७ वर्षं झाली त्या पहाटेला.

एका वस्तीवर आजी भेटल्या, तेव्हा नवीन लग्न होऊन आलेल्या. चहा ठेवला आणि आपणहून बोलायला लागल्या. "भिताडं पडली, आमी जनावरं सोडून रानात बसलो. उजाडल्यावर बघतोय तर शेताला भेग. नांगरटीच्या आडवी गेलेली, अशी तिरकी तिरकी, एक संपली की बाजूला दुसरी. पर कातळावर गेली तर कायच दिसंना, मातीतच दिसायची." मी त्यांना पुन्हा विचारलं, कातळावर खरंच काही नव्हतं का. "न्हवतं बाई. माझ्या मालकानं बोट फिरवून बघितलेलं."

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जसंच्या तसं लिहिलं. तिरक्या तिरक्या, एक संपली की बाजूला दुसरी, हे आडव्या सरकण्याचंच लक्षण आहे, खालचा कातळ सरकतो आणि वरची माती तिरकी फाटते. आणि कातळावर दिसलं नाही म्हणजे कातळात हालचाल झालीच नाही असं होत नाही. बसाल्टात आधीपासून उभ्या सांध्यांचं जाळं असतं, थंड होताना पडलेलं. थोडीशी हालचाल एकेका सांध्यावर केसभर वाटली गेली तर नवी भेग पडायची गरजच नाही. मग आपल्या ओढ्यातला वरचा थर 'अखंड' दिसतो तो खरंच अखंड आहे का? तिथले सांधे आतून बघितलेच पाहिजेत.

निघताना आजींनी पिशवीभर पावटा दिला. घरात पत्रा बदलायचं चाललंय, भिंती अजून तेव्हाच्या दगडाच्याच, मातीत बांधलेल्या. ह्या भागातल्या प्रत्येक घराला आडवे बंध पाहिजेत हे कुठल्याही वयापेक्षा जास्त तातडीचं आहे, आणि हे मी अहवालातही लिहिणार.

२८ डिसेंबर

वरच्या थराचे सांधे. अख्खा दिवस पहारीने एकेक खांब थोडा सुटा करून आतला पृष्ठभाग बघत गेलो, मामा पण पहार धरायला आले. पट्ट्यापासून लांबच्या सांध्यांवर काही नाही, नुसता गंज आणि मुळं. पट्ट्याच्या बरोबर वर आले तसे पृष्ठभाग बदलले.

एक खांब निघाला तो जपून लिहिते. आतली बाजू तळहाताएवढी, गडद हिरवी, ओली असल्यासारखी चकचकीत. हिरवा रंग सेलॅडोनाइटचा, भोकांत आणि सांध्यांत नंतर उगवणारी पोटॅशियमवाली माती. ती नुसती बसलेली नाही, खरडली गेलीय. बारीक समांतर ओरखडे, जमिनीशी जेमतेम ८-१० अंश कलते, म्हणजे जवळजवळ आडवे. डोळे मिटून बोट उत्तरेकडे नेलं तर गुळगुळीत जातं, दक्षिणेकडे आणलं तर बारक्या पायऱ्या नखाला लागतात. पायऱ्या ज्या बाजूला उतरतात त्या बाजूला समोरचा भाग गेला. लिहून, पुसून, ज्युनियरला न सांगता त्याच्याकडून वेगळं बघून घेतलं. दोघांचं उत्तर एक: डाव्या हाताची हालचाल. १९६७ च्या धक्क्याची जी चाल तीच.

म्हणजे वरचा थरही सरकलाय. तो अखंड दिसतो कारण हालचाल त्याने आपल्या सांध्यांवर घेतली. आता एक टोक पक्कं झालं, हालचाल वरच्या थरानंतरची. एवढंच नाही, सेलॅडोनाइटच्याही नंतरची, कारण ते खरडलं गेलंय. आणि सेलॅडोनाइट लाव्हा थंड झाल्यावर, आतून पाणी फिरायला लागल्यावरच येतं.

१८ जानेवारी २०२५

लॅब. बसाल्टचे नमुने जॉ क्रशरमधून काढले, चाळले, धुतले. चुंबकीय सेपरेटरवरून प्लॅजिओक्लेज वेगळं केलं आणि आता बायनॉक्युलरखाली सुईने एकेक कण निवडायचं काम. ढगाळ कण टाकायचे, काचेसारखे स्वच्छ ठेवायचे. मान भरून येते पण ह्यात घाई करून चालत नाही, दहा वाईट कण गेले की पुढचं महिन्यांचं काम मातीत जातं.

थिन सेक्शन, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायचे खडकाचे पातळ काप, तेही आले. वरच्या थराचा पोटातला भाग बऱ्यापैकी ताजा, खालच्या थरात काच सगळी मातीत गेलेली. खालच्याचं वय काढण्यात अर्थ नाही असं मॅडमचं आणि माझं मत. वरच्या थराचं मात्र काढायचं, टोक म्हणून.

रसायन तपासून आलं, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम आंबेनळीच्या मानाने जास्त, म्हणजे दोन्ही थर महाबळेश्वर फॉर्मेशनमध्ये बसतात. चुंबकाचं काम अजून बाकी.

९ फेब्रुवारी

हिरव्या पृष्ठभागाचे काप मायक्रोस्कोपखाली. ह्या प्रकल्पात मला सगळ्यात आवडलेला दिवस, म्हणून सविस्तर.

क्रम असा दिसतो. सगळ्यात आधी सांध्याच्या भिंतीवर सेलॅडोनाइट, पातळ थर. त्याच्यावर झिओलाइट, बहुतेक ह्यूलॅन्डाइट, पण ते तुकडे-तुकडे झालेलं, हिरव्या मातीत मिसळलेलं. त्यानंतर कॅल्साइट (चुनखडीचं खनिज), आणि ते दोन प्रकारचं. एक धाग्यांसारखं, ओरखड्यांच्याच दिशेने ताणून वाढलेलं, म्हणजे पृष्ठभाग सरकत असताना जी पोकळी उघडत गेली तिच्यात उगवत गेलेलं. दुसरं स्वच्छ, टोकदार, ओरखड्यांवर आडवं बसलेलं, आणि त्याच्यावर एकही ओरखडा नाही.

हे दुसरं कॅल्साइट बघून किती तरी वेळ मी मायक्रोस्कोप सोडला नाही. ते न तुटता बसलंय ह्याचा अर्थ ते उगवल्यापासून हा सांधा हललेला नाही. ते जर लाखो वर्षं जुनं निघालं तर १९६७ ला हा सांधा गप्प होता. तेव्हाची हालचाल दुसऱ्या कुठल्यातरी सांध्यावर झाली. फॉल्ट म्हणजे एक रेघ नव्हे, शेजारी शेजारी असलेल्या शेकडो पृष्ठभागांचा पट्टा आहे, आणि एकाचं वय काढून अख्ख्या पट्ट्याचं सांगता येत नाही. हे लोकांना सांगताना फार सांभाळून सांगावं लागेल, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल की फॉल्ट जुना आहे, आता काळजी नको.

तर आता हालचालीच्या दोन्ही बाजूला मोजता येण्यासारखं काही ना काही आहे. आधीचं सेलॅडोनाइट, पोटॅशियम भरपूर, आर्गॉन किंवा रुबिडियम-स्ट्रॉन्शियमने वय निघू शकतं. चालू असतानाचं धाग्यांचं कॅल्साइट, त्यात युरेनियम पुरेसं असेल तर युरेनियम-शिशावरून थेट हालचालीचंच वय. आणि नंतरचं स्वच्छ कॅल्साइट. दख्खनच्या पोकळ्यांतलं ऍपोफिलाइट नावाचं काही खनिज खुद्द बसाल्टपेक्षा कोट्यवधी वर्षं तरुण निघालेलं आहे हे आधीच्या कामांतून माहीत आहे, म्हणजे गरम पाणी इथे लाव्हा संपल्यावरही पुन्हा पुन्हा फिरलंय. त्यामुळे सेलॅडोनाइट बसाल्टच्याच वयाचं असेल असं धरून चालायचं नाही.

२ मार्च

सेलॅडोनाइट वेगळं करण्यात पूर्ण आठवडा. कण इतके बारीक की अणुभट्टीत न्यूट्रॉन लागताना तयार झालेलं आर्गॉन-३९ धक्क्याने कणाबाहेरच उडून जातं आणि वय खोटंच जास्त येतं. त्यामुळे बारीक मातीला साधी जुनी पोटॅशियम-आर्गॉन पद्धतच बरी, किंवा नमुना काचेच्या कुपीत बंद करून न्यायचा. मॅडमनी रुबिडियम-स्ट्रॉन्शियमही करू म्हटलंय, दोन वेगळ्या पद्धतींनी एकच उत्तर आलं तर कोणी बोट ठेवू शकणार नाही.

आणखी एक गोष्ट, खरडलेल्या आणि न खरडलेल्या सेलॅडोनाइटचे नमुने वेगळे ठेवलेत. घासताना पृष्ठभाग तापला असेल तर आर्गॉन थोडं निसटलं असेल आणि खरडलेलं तरुण दिसेल. दोन्हीचं वय सारखं आलं तर ती शंका मिटते.

२१ मार्च

प्लॅजिओक्लेजचा नमुना आर्गॉनसाठी पॅक झाला. आयआयटी मुंबईच्या आर्गॉन लॅबचे नमुने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव रिऍक्टरमध्ये ठेवले जातात, आणि तिथून आल्यावर किरणोत्सर्ग उतरेपर्यंत थांबावं लागतं, म्हणून आकडा लगेच येणार नाही. सोबत वय आधीच पक्कं माहीत असलेलं खनिज ठेवतात, त्याच्यावरून न्यूट्रॉनचा मारा किती बसला ते कळतं.

कॅल्साइटचं लेझरने आधी चाचपून घ्यायचं ठरलं. युरेनियम कमी आणि मूळचं शिसं जास्त असेल तर तो ठिपका सोडून पुढे जायचं. धाग्यांच्या कॅल्साइटचा तुकडा नखाएवढाच आहे, पुन्हा मिळेलच असं नाही, त्यामुळे अर्धा मागे राखून ठेवला.

१३ एप्रिल

आकडे यायच्या आधीच, कुठल्या आकड्याचा काय अर्थ लावायचा ते लिहून ठेवायचं असं मॅडमनी सांगितलं. आकडा हातात आल्यावर मन त्याच्या सोयीची गोष्ट रचतं, म्हणून. तर लिहिते.

धाग्यांचं कॅल्साइट साडेसहा कोटींच्या जवळ आलं तर हालचाल लाव्हा थंड होत असतानाच्याच काळातली. तेव्हा भारताच्या पश्चिमेला सेशेल्सचा तुकडा सुटत होता, किनारपट्टी ताणली जात होती, तर त्या ताणाशी ती जोडता येईल का हे तपासायचं, पण ताणाने फॉल्ट सहसा खाली बसतात आणि आपला आडवा सरकलाय, त्यामुळे एवढ्यावर सुटका नाही. पाच-साडेपाच कोटींच्या अलीकडे आलं तर भारत आशियाला धडकल्यानंतरचा काळ, उत्तरेकडून दाब, आणि आजही कोयनेत जी आडवी चाल दिसते तिच्याशी जास्त जुळणारं. अगदीच तरुण आलं, काही लाख वर्षं, तर मग ओढ्याच्या वळणाकडे आणि हेळवाकला कोयना दक्षिणेची पूर्वेला वळते तिकडेही वेगळ्या नजरेने बघावं लागेल.

सेलॅडोनाइट कॅल्साइटपेक्षा तरुण आलं तर मायक्रोस्कोपखालच्या क्रमाशी ते भांडतं. तेव्हा क्रमावर विश्वास ठेवायचा आणि आकड्याची चूक शोधायची. डोळ्यांना दिसलेला क्रम आकड्यापेक्षा मोठा, हे मला पटलंय.

आणि कुठलाही आकडा आला तरी एक वाक्य बदलणार नाही: हे वय ह्या एका पृष्ठभागाचं आहे, पट्ट्याच्या शेवटच्या हालचालीचं नाही. पट्ट्याची शेवटची हालचाल धक्क्यांच्या यंत्रांवर रोज उमटतेय.

२६ मे

यंदा मे महिन्यातच पाऊस धरला. ओढ्याला गढूळ पाणी आलं, पाइप व्हेसिकलची रांग पाण्याखाली, आता दिवाळीपर्यंत दिसायची नाही. शनिवारी वेळेत जाऊन पट्ट्याच्या पश्चिमेचे आणखी दोन खांब बघून आलो ते बरं झालं. एकावर तेच हिरवे ओरखडे, पण वर स्वच्छ कॅल्साइट नाही, आणि ओरखड्यांच्या दोन पिढ्या, जुन्या आडव्या आणि त्यांच्यावरून नवीन थोड्या तिरक्या. म्हणजे हा शेजारचा सांधा निदान दोनदा वेगवेगळ्या वेळी सरकलाय. नमुना आणलाय, दिशा मांडलीय, आणि ह्याचा काप आधीच्या कापांच्या बरोबरीने लावायचा.

ग्रॅनाइटातल्या फॉल्टच्या मातीसाठी कराडला ठेवलेल्या कोअरमधून, म्हणजे खोल बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दांड्यांमधून, तुकडा मागायचा अर्ज मॅडमनी आज सही करून दिला. तिथल्या मातीत इलाइट हे पोटॅशियमवालं खनिज आहे, कण आकाराप्रमाणे वेगळे करून प्रत्येकाचं पोटॅशियम-आर्गॉन वय काढलं तर सगळ्यात बारीक कण शेवटच्या वाढीच्या जवळचं वय सांगतात आणि जाड कणांत अडीच अब्ज वर्षांहून जुन्या मूळ खडकाची भेसळ येते. वरच्या बसाल्टात जी हालचाल साडेसहा कोटींच्या मागे जाऊच शकत नाही, ती खाली त्याच्या कितीतरी आधीपासून चालू असू शकते, आणि ते फक्त तिथेच कळेल. अर्जात खोली, हवा असलेला वजनाचा तुकडा आणि उरलेला परत करण्याची तारीख लिहिली. उद्या स्वतः नेऊन देते.